मागच्या खिडकीत कोण?

माझे बाबा जन्माचे भित्रे आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. उगाच म्हणत नाही. आत्याच्या तीस-बत्तीस भयकादंबऱ्या बाबांच्या भित्रेपणावर उभ्या आहेत. त्यात गंमत अशी की बाबा वायरमन. आयुष्यभर लोकांच्या घरांत दिवे लावत हिंडले, खांबावर चढले, उघड्या तारांना हात घातले, आणि स्वतःच्या घरात अंधारात पाणी प्यायला उठले की आईला हाक मारतात, "जागी आहेस ना गं?" आई म्हणते, "नाही, झोपेत बोलतेय. प्या पाणी."

नवी कादंबरी लिहून झाली की आत्या बाबांना बोलावते. वेळ दुपारची, जागा तिचं स्वयंपाकघर. बाबा टेबलाच्या दाराकडच्या बाजूला बसतात, कारण पळायला सोपं. समोर चहा आणि बिस्किटांची बशी. आत्या वाचायला लागते. बाबा खुशाल बिस्किटं खात राहिले तर ते प्रकरण नापास, पुन्हा लिहायचं. बशीकडे जाणारा हात अर्ध्यावर थांबला तर ठीक. आणि खिडकीतून रखरखीत ऊन येत असताना बाबा उठले आणि दिवा लावून आले, की प्रकरण पास. आत्या समासात पेन्सिलीनं एक खूण करते आणि पान उलटते. प्रकाशकानं वाखाणलं, वाचकांनी डोक्यावर घेतलं, ह्याचं तिला काडीचं कौतुक नाही. "धाकट्यानं दिवा लावला ना?" एवढंच ती विचारते.

धाकटा म्हणजे बाबा. आजी लवकर गेली, तेव्हा बाबा अगदी लहान होते आणि आत्या शाळेत शिकत होती. तिनंच त्यांना वाढवलं. त्यामुळे आजही, डोक्यावरचे सगळे केस पांढरे झालेला हा माणूस तिच्यासमोर बसला की आपोआप पाठ ताठ करतो.

त्या घरात आत्याबरोबर रंगारीण राहते. हे नाव आत्यानंच ठेवलेलं. पुस्तकांची मुखपृष्ठं रंगवणारी बाई. पहिल्या कादंबरीचं चित्र घेऊन ती आली तेव्हा रंग ओला होता म्हणून वाळेपर्यंत थांबते म्हणाली. ते चित्र अजून वाळतंय, असं आत्या सांगते. आमच्या नातेवाइकांत तिला "आत्याची मैत्रीण" म्हणतात आणि ते म्हणताना एक बारीकसा श्वास घेतात, जणू वाटेत पायरी आहे. घरातल्या एकाही जुन्या फोटोत रंगारीण नाही. प्रत्येक वेळी कोणीतरी कॅमेरा तिच्याच हातात दिलाय, "तुम्ही काढा ना, तुमचा हात चांगला आहे." मला लहानपणीच ह्याचा राग यायचा. अजून येतो.

रंगारीण मात्र पहिल्या दिवसापासून बाबांना "भावजी" म्हणते. नवऱ्याच्या भावाला म्हणतात ते. बाबांना ती थट्टा वाटते. ते तिला "बाई" म्हणतात, "अहो बाई" म्हणतात, आणि फार चिडले की नुसतंच "अहो".

चिडायचं कारण एकच, मुखपृष्ठं. आत्याच्या प्रत्येक कादंबरीत शेवटच्या प्रकरणात भूत मरतं. जळतं, बुडतं, भिंतीत चिणलं जातं, पण मरतं. हा बाबांचा हट्ट. भूत जिवंत ठेवून पुस्तक मिटलं तर मला झोप लागायची नाही, असं त्यांनी पहिल्याच वेळी बजावलं होतं. आणि प्रत्येक मुखपृष्ठावर घराच्या मागच्या अंगाला एक खिडकी असते, तिच्यात इवलासा पिवळा दिवा, आणि दिव्याशी कोणीतरी बसलेलं. कधी एक, कधी दोघं. बाबा छापील पुस्तक हातात आलं की आधी तेच बघतात. मग सुरू. "अहो बाई, भूत शेवटी जळून खाक झालं. घर रिकामं झालं. मग मागच्या खिडकीत कोण?"

"असेल कोणी, भावजी. पाहुणं आलं असेल."

"पुस्तक वाचून चित्र काढत जा हो कधीतरी!"

घरी येताना स्कूटरवर तेच तुणतुणं. "बाई गुणी आहे, हात चांगला आहे, पण वाचत नाही. आळस, दुसरं काय."

आता माझं सांगते. मी कॉलेजात साहित्य शिकवते आणि माझा विषय हाच, गॉथिक भयकथा आणि क्वीअर थिअरी. आमच्या विभागप्रमुखांनी विषय ऐकून विचारलं होतं, "मग तोंडी परीक्षा अमावस्येला ठेवायची का?" ठेवा म्हटलं, तुम्ही येणार असाल तर भूत आयतंच मिळेल. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात आणि माझी त्याला हरकत नाही.

मुलांना मी सोपं करून सांगते. भयकथा वाचताना भुताकडे बघू नका, घराकडे बघा. त्या घराला कशाची भीती वाटतेय? ज्याला घरात खोली नाही, ज्याचं नातं सांगायला चारचौघांत शब्द नाही, ते मागच्या दारानं येतं आणि त्याला भूत म्हणतात. लेखक शेवटी त्याला मारतो खरा, पण तोवर सगळी माया त्याच्यावरच उधळून बसलेला असतो. हे मला कुठल्या जाड पुस्तकानं शिकवलं नाही. ते मी आत्याच्या कादंबऱ्या पांघरुणात वाचताना शिकले, तेराव्या-चौदाव्या वर्षी. मला मुली आवडतात हे मला कळलं होतं आणि ते कुठे ठेवावं कळत नव्हतं. आत्याच्या पुस्तकांत बायका होत्या ज्या एकमेकींसाठी मरणाच्या पलीकडून परत यायच्या. मला त्या भुतांची भीती कधी वाटली नाही. मला वाटायचं, बरं झालं बाई, आलीस.

आज मी जिच्याबरोबर राहते तिला बाबा "तुझी रूममेट" म्हणतात. बरीच वर्षं झाली.

तर मी आत्याच्या कादंबऱ्यांवर एक लेख लिहिला. मोठा लेख, त्यात खूप तळटिपा. म्हटलं, ह्या लेखिकेची भुतं म्हणजे घरानं नाकारलेलं प्रेम आहे, आणि शेवटी भूत मारणं ही तिनं पत्करलेली शरणागती आहे. छापून आल्यावर मोठ्या दिमाखात आत्याला वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "एवढं सगळं मी लिहिलं? मला वाटलं, मी तुझ्या बापाला घाबरवतेय." मग जरा वेळानं म्हणाली, "छान लिहिलंयस. शरणागती तेवढी काढ. तो झोपायचा नाही गं."

मी काही ती काढली नाही. मला वाटलं, लेखकाला स्वतःचं काय कळतं!

ह्या वर्षी सगळं फिसकटलं. आत्या न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण आता ती वॉकर घेऊन चालते आणि पायऱ्यांना घाबरते. त्याआधीपासूनच रंगारिणीची नजर जात चालली होती. तिला समोरचं मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. तुमच्याकडे बघायचं असलं की ती तुमच्या कानाकडे बघते. एकीला दिसत नाही, एकीला चालवत नाही. दोघी मिळून कारभार चालवत होत्या. आत्या खुर्चीतून सांगायची, "डावीकडे, डावीकडे, अगं ते मीठ," आणि रंगारीण साखर घालायची. मग दोघी हसत बसायच्या.

बाबांना हसू येत नव्हतं. त्यांनी ठरवून टाकलं. आत्या आमच्या घरी येणार. रंगारीण तिच्या भाच्याकडे जाणार, दूरच्या शहरात, त्याच्याकडे एक खोली रिकामी आहे आणि माणूस चांगला आहे. घर बंद करायचं. रविवारी टेम्पो सांगितलाय.

"दोघींना आपल्याकडे आणा ना," मी म्हटलं.

"आपल्याकडे खोली एकच आहे."

"एकच लागेल, बाबा. इतकी वर्षं एकच लागलीय त्यांना."

बाबांनी टेस्टर खिशातून काढला, बघितला, परत ठेवला. "तिच्याच भल्यासाठी करतोय मी हे. मदतीला येणार असशील तर ये. भाषण नको."

माझं डोकंच फिरलं. मी इतकी ओरडले की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. म्हटलं, आयुष्यभर एकत्र राहिलेल्या दोन माणसांना तुम्ही दोन गावांना पाठवणार आणि वर भलं म्हणणार? बाबा शांतपणे म्हणाले, "उद्या तिथे आग लागली तर कोण धावेल? एक बघणार नाही, एक पळणार नाही." आणि त्यांचा आवाज असा फुटला की मला पुढे भांडता येईना. तिथेच तर सगळी पंचाईत होती. माणूस दुष्ट असता तर मी दोन हात केले असते.

मी तडक आत्याकडे गेले. म्हटलं, तू नाही म्हण. घर तुझंही आहे. तुला उचलून थोडीच नेणार?

"भांडून मी जिंकेन गं," आत्या म्हणाली. "पण मग तो रुसेल. यायचा बंद होईल. आणि तो आला नाही तर आमचं दोघींचं चालायचं नाही, हे मलाही दिसतंय आणि हिलाही, कडेकडेनं का होईना." रंगारीण खिडकीशी बसून ब्रश धूत होती. इतकी वर्षं मी तिला पाहतेय, गप्प बसलेली कधी पाहिली नव्हती.

"त्याला फोन लाव," आत्या म्हणाली. "सांग, कादंबरी झालीय. टेम्पोच्या आधी ऐकून जा."

बाबा आले. न येऊन सांगतात कोणाला? स्वतः बिस्किटं घेऊन आले. दाराकडच्या खुर्चीत बसले, पाठ ताठ केली आणि म्हणाले, "फार भयंकर नाही ना?"

"ऐक तर," आत्या म्हणाली.

मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं होतं, आत्या काहीतरी सापळा लावणार, बाबांच्या तोंडावर आरसा धरणार. माझ्यातली प्राध्यापिका वही सरसावून तयार होती. पण पहिल्या पानातच मी सगळं विसरले, कारण ही बाई लिहितेच तशी. तिच्या गोष्टीत वटवाघळं नसतात, किंकाळ्या नसतात. एक बाई असते, एकटी राहणारी. ती सकाळी उठते आणि मोरीत दोन कप धुऊन पालथे घातलेले असतात. ती एकाच कपातून चहा प्यायलेली असते. ती दुसऱ्या कपाला हात लावते आणि तो गरम असतो. बस्स. एवढ्यावर आत्या थांबली आणि बाबा उठून दिवा लावून आले.

पेन्सिलीची खूण झाली आणि पान उलटलं.

मग हळूहळू ते भूत घरभर दिसायला लागलं. दिसायला म्हणजे काय, त्याची कामं दिसायला लागली. वेणी घालताना पाठीमागून कोणीतरी पेड धरून ठेवायचं. थंडीत बिछान्याची दुसरी बाजू आधीच ऊबदार असायची. बाई आजारी पडली तर उशाशी पाण्याचा पेला भरलेला. कधीकाळी ह्या घरात दोघी राहत होत्या, त्यातली एक गेली, आणि गेली तरी गेली नाही. बाबांचा हात बशीकडे गेला. बिस्किट चहात बुडवून त्यांनी खाल्लं.

"भूत कामसू आहे हो," ते म्हणाले. "पण हे नापास. मला बरं वाटायला लागलंय."

"ऐक तर," आत्या पुन्हा म्हणाली.

मग गोष्टीत एक माणूस आला. बाईचा पुतण्या. मऊ आवाजाचा, स्वेटर घातलेला, सुतळी आणि खोके घेऊन आलेला. काकू एकटीच बडबडते, दोन कप मांडते, हे त्याच्या कानावर आलं होतं आणि तिच्या काळजीनं त्याला घोर लागला होता. तो आला आणि आवरायला लागला. त्यानं आधी दुसरा कप कागदात गुंडाळला. त्या दिवशी मोरी कोरडी होती. मग त्यानं दुसरी उशी खोक्यात भरली. त्या दिवशी बिछाना गार पडला. तो एकही वावगा शब्द बोलत नव्हता. काकूला हाताला धरून बसवत होता, औषध देत होता, आणि एकेक वस्तू गुंडाळत होता. ते भूत दाराच्या मागे उभं राहून बघत होतं. त्यानं कंगवा धरायला हात पुढे केला आणि त्याच्या बोटांतून कंगवा खाली पडला. पुतण्या खाली वाकला, कंगवा उचलला, खोक्यात टाकला आणि म्हणाला, "तुझ्याच भल्यासाठी, काकू."

बाबांचा हात बशीच्या वर थांबला होता.

स्वयंपाकघरातला दिवा लागलेलाच होता. बाबा उठले आणि मधल्या जागेतला लावला. मग आतल्या खोलीतला. न्हाणीघरातला, जिन्यावरचा, दारावरचा. घरात जेवढी बटणं होती, आणि ती सगळी त्यांनीच बसवलेली होती, तेवढी त्यांनी दाबली. भर दुपारी अख्खं घर लखलखत होतं. परत येऊन ते खुर्चीत बसले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"हा माणूस," ते म्हणाले, "वाईट नाहीये ना पण?"

"नाही रे. चांगला आहे," आत्या म्हणाली. "वाईट असता तर तिनं दार लावून घेतलं असतं."

मग बाबा एकदम घाई करायला लागले, लहान पोरं करतात तशी. "बरं, आता मार. शेवटचं प्रकरण वाच. भुताला मार आणि मोकळी हो, मला घरी जायचंय."

"ह्या खेपेला नाही मारत."

"म्हणजे? नाही मारत म्हणजे काय? आपलं ठरलंय! मला झोप कशी लागणार?"

"धाकट्या," आत्या म्हणाली. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आई गेली तेव्हा तू रात्रभर रडायचास. कपाटामागे कोणीतरी आहे म्हणायचास. मी तुला गोष्टी सांगून सांगून ते कपाटामागचं मारायचे आणि मग तू झोपायचास. तेव्हापासून मारतेच आहे. तुला झोप यावी म्हणून मी माझं एकेक भूत मारलं आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही. पण हिला नाही मारणार. हिला मारलं तर मला झोप येणार नाही."

ती कागदाकडे बघत नव्हती. ती खिडकीकडे बघत होती, आणि खिडकीशी रंगारीण बसली होती, तोंड फिरवून, तिला आत्या दिसावी म्हणून.

मी इथे कबूल करून टाकते, मला रडू फुटलं. आवाज न करता वगैरे नाही, चांगलं नाक ओढत. माझ्या लेखातली ती शरणागती! अगं बाई, ते लहान भावाला थोपटणं होतं. पण बाकीचा लेख खरा होता, हेही मी सोडणार नाही.

"मला इतक्यात मारू नका गं," रंगारीण म्हणाली. "माझा चहा व्हायचाय."

बाबा तिच्याकडे वळले. मग त्यांनी असा प्रश्न विचारला की तो फक्त त्यांनाच सुचू शकतो. "अहो, मग मागच्या खिडकीत कोण?"

रंगारिणीनं ब्रश खाली ठेवला. "भावजी, मी प्रत्येक पुस्तक दोनदा ऐकलंय. तुम्ही ऐकून घरी गेलात की ही मला दुसरा शेवट सांगायची. त्यात भूत परत यायचं. जळालेलं, बुडालेलं, कसंही, पण मागच्या दारानं घरी यायचं. मी चित्र त्याचं काढायचे."

"म्हणजे तुम्ही वाचत होता?"

"तुमच्यापेक्षा जास्त."

बाबा उठून फळीकडे गेले. सगळ्या कादंबऱ्या काढून आणल्या आणि टेबलावर मांडल्या. बशी बाजूला सारली. चष्मा लावून एकेका मुखपृष्ठावर वाकून ते मागची खिडकी बघायला लागले. वायर तपासतात तसं, एकही सोडलं नाही.

"इथे एक आहे... इथे दोघी आहेत... इथेही दोघी."

"एक ही आणि एक मी," रंगारीण म्हणाली. "हिचं नाक तेवढं मला कधी साधलं नाही."

"नाकाला काय झालंय माझ्या?" आत्या म्हणाली.

"एकसुद्धा मेली नाही?" बाबांनी विचारलं.

"एकसुद्धा नाही, भावजी."

बाबांनी पुस्तकं गोळा केली, लावली होती त्याच क्रमानं फळीवर ठेवली, घरातला एकेक दिवा मालवला आणि चपला घालून निघून गेले. हो नाही की नाही नाही. आत्यानं पुतण्याच्या त्या प्रकरणावर खूण केली नाही. पेन्सिल हातात धरून बसून राहिली.

रविवारी मी सकाळीच त्यांच्याकडे जाऊन बसले. बाबांनी चार दिवस माझा फोन उचलला नव्हता आणि आईला विचारलं तर ती म्हणाली, "गच्चीवर काहीतरी खुडबुड करत असतात, मला विचारू नकोस." आत्यानं केस विंचरले होते. रंगारिणीनं तिचे ब्रश एका डब्यात भरून ठेवले होते. बाकी काही आवरायचं दोघींपैकी कोणाच्या मनात आलं नव्हतं. दोघी एकमेकींच्या शेजारी बसल्या होत्या आणि दोघींचे हात एकमेकींच्या हातात होते, माझ्यासमोर, पहिल्यांदाच.

टेम्पो आला. दाराशी थांबला. मी खिडकीतून वाकून बघितलं, आणि माझी टेम्पोच्या फळीवरून नजर हटेना. टेम्पो रिकामा नव्हता.

बाबा पुढच्या सीटवरून उतरले. कमरेला पक्कड, खिशात टेस्टर. मागून त्यांनी उतरवायला सुरुवात केली. न्हाणीघरात आणि जिन्यावर लावायचे पकडायचे दांडे. पायाशी लावायचे छोटे दिवे, पिशवीभर. वायरचं भेंडोळं. घोटून गुळगुळीत केलेला एक लाकडी उतार, उंबऱ्यावर घालायला, गच्चीवर खुडबुड करून बनवलेला. आणि एक भली मोठी घंटा.

"ही आमच्या घरात वाजणार," ते जिना चढत म्हणाले, जणू मधले चार दिवस कोणी गप्प बसलंच नव्हतं. "बटण ह्या दोघींच्या उशाशी. फोनवरून वाजते ती. आग लागली, पडलं, भूत आलं, काहीही झालं तरी दाबायचं. मी येतो."

"भूत आलं तर तू येशील?" आत्यानं विचारलं.

"तुझी भावजय येईल," बाबा म्हणाले, म्हणजे माझी आई.

दिवसभर ठोकाठोक चालली. भिंतीच्या कडेनं, गुडघ्याच्या उंचीवर, त्यांनी दिव्यांची एक ओळ घातली, बिछान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत. रंगारिणीला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं, हे त्यांनी नीट लक्षात ठेवलं होतं. चहाला साखर हवी होती; ती त्या ओळीच्या कडेनं चालत गेली आणि मिठाची बरणी घेऊन आली. "दिसलं होतं मला," ती म्हणाली, "सवय मोडत नाही." मी शिडी धरून उभी होते. वरून बाबांचा आवाज आला, "तुझ्या त्या... रूममेटला पुढच्या रविवारी घेऊन ये. अजून गॅलरी राहिलीय, शिडीला दोन माणसं लागतात." मी बरं म्हटलं. आणि मग, ते वर आहेत आणि मी खाली आहे ह्याचा फायदा घेऊन म्हटलं, "रूममेट नाही, बाबा." वरून थोडा वेळ फक्त पेचकसाचा आवाज येत होता. "माहितेय गं," ते म्हणाले. "शिडी नीट धर."

संध्याकाळी रंगारिणीनं डबा उघडला आणि अर्धवट राहिलेलं मुखपृष्ठ टेबलावर ठेवलं. घर पूर्ण झालं होतं, कडेकडेच्या नजरेनं रंगवलेलं, आणि इतकं सुंदर की माझ्या सगळ्या तळटिपा त्यावरून ओवाळून टाकाव्यात. पण मागची खिडकी कोरी होती. एवढीशी जागा, नेमकी नजर रोखून बघावी लागणारी, आणि तिथे नजर रोखली की तिला काहीच दिसायचं नाही. आत्याचा हात थरथरतो. मी रंगाला हात लावला की डाग पडतो.

"भावजी," ती म्हणाली, "खांबावर चढणारा तुमचाच हात. या."

बाबांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. बारीक ब्रश तारेसारखा दोन बोटांत धरला. दाराकडची खुर्ची सोडून ते पहिल्यांदाच टेबलाच्या आतल्या बाजूला बसले. रंगारिणीनं पिवळा कालवून दिला. श्वास रोखून त्यांनी खिडकीत दिवा लावला. मग त्याच्या शेजारी एक बारीक काळा ठिपका ठेवला. "ही आमची ताई," ते म्हणाले, "नाक मी काढत नाही." मग बराच वेळ ब्रश तसाच धरून ते त्या इवल्या खिडकीवर वाकून राहिले. आत्यानं त्यांच्याकडे बघितलं, मी बघितलं, आणि रंगारिणीनं मान फिरवली, तिला ते दिसावेत म्हणून.

"जरा सरकायला सांगतो ताईला," बाबा म्हणाले. "तुम्ही इथे बसा, वहिनी."

रंगारिणीनं आपली खुर्ची आत्याच्या खुर्चीला लावली.

"बसते, भावजी," ती म्हणाली.